कोमलचे तीन कागद

बाई, तुमच्या ताईंनी ब्लॉगवर एक प्रश्न विचारलाय, आणि त्याचं उत्तर माझ्याशिवाय कुणाकडं नाही.

काल मी शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासत होते, तर कोमल दारात येऊन उभी राहिली. तुम्हाला माहीतच आहे, सातवीतली ही पोरगी बोलायची झाली की आधी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरते. मग म्हणाली, "मावशी, पुण्याच्या ताईंची कमेंट आली."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, कोमल, वरची तारीख तर श्रावणातली आहे. मग हे तू तेव्हाच का नाही टाकलंस?"

मी पातेलं घासत राहिले. ते आधीच घासून झालेलं होतं.

"काय लिहू मावशी? नवे सर म्हन्ले, प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं. बाईंचा नियम आहे."

"उद्या सांगते," म्हणाले मी.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. आज पोरं जेवून गेली, भांडी पालथी घातली, चूल पुसली, आणि तांदळाच्या पोत्यावर बसून ही वही उघडली. तुम्ही दोन वर्षांपूर्वी दिलेली शंभरपानी. इतके दिवस डाळीच्या डब्यामागं होती, कडेनं थोडी पिवळी पडलीय. पहिल्या पानावर तुमची पेन्सिल तशीच आहे. "गयाबाई, एक पान." बाकी सगळी कोरी. हात जड झालाय, बाई. सकाळपासून एवढी डाळ घोटली तेव्हा नव्हता झाला.

ताईंना लिहायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हणून बसलेय.

तुम्ही पहिल्यांदा या स्वयंपाकघरात आलात ते ओंकारला कानाला धरून. शाळेत चार कॉम्प्युटर आले होते, त्यातले दोन चालायचे, आणि तुम्ही पोरांना सांगितलं होतं की आपण वर्गाचा ब्लॉग काढू, दर शुक्रवारी चौघा-पाचांनी लिहायचं, जगात कुणीही वाचेल. पोरांनी काय केलं, कुठूनतरी उतरवून आणलं. ओंकारनं अजिंठ्यावर आणलं होतं. त्याला माझ्यासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "वाच मावशींना." त्यानं वाचलं. शिल्पकलेचा अद्वितीय आविष्कार की असलंच काहीतरी होतं. मी तांदूळ निवडत होते.

"समजलं का मावशी?" तुम्ही विचारलं.

मी म्हणाले, "व्हय."

"काय समजलं, सांगा बरं."

मी तांदूळ निवडतच राहिले. चौथीनंतर मला कुणी असं उभं करून विचारलं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तुमचा एवढा राग आला बाई, की वाटलं ही नोकरी सोडून घरी बसावं. पण तुम्ही माझ्याकडं बघतही नव्हता. तुम्ही ओंकारला म्हणालात, "मावशींना समजलं नाही, यात मावशींची चूक नाही. तुझी आहे. त्यांना समजेल असं लिहून आण. त्यांना समजल्याशिवाय एक अक्षर ब्लॉगवर जाणार नाही."

ओंकार पुढच्या शुक्रवारी आला. त्याचा मामा लेण्यांच्या खाली चमकणारे दगड विकतो. पाहुणे दिसले की मामा चार भाषांत ओरडतो, पण त्याला त्यातली एकही येत नाही, आणि एकदा एका गोऱ्या बाईनं त्याच्याशी त्याच भाषेत बोलायला सुरुवात केली तर मामा पळून झाडामागं लपला. मला एवढं हसू आलं की सूप कलंडलं. कागद हातात घेतला तर बोटाला फोडणीची हळद होती, तिचा ठसा उमटला. ओंकार ओरडत पळाला, "पास! पास! मावशीनं शिक्का मारला!"

तेव्हापासून ते सुरू झालं. हळदीचं बोट लागलं की लेख गेला. बोट नाही लागलं की परत लिहायचं. शुक्रवारी पाचव्या तासाला पोरं रांगेनं यायची, ओट्यावर, पोत्यांवर बसायची, एकेक जण वाचायचं. कुणाला पुन्हा पाठवलं की सना कपाळावर हात मारून घ्यायची. "काय मावशी, किती परेशान करता ओ! आता यात काय नाय समजलं?" मी म्हणायचे, "आजी पडली ते समजलं. पण कुठं पडली?" ती पाय आपटत जायची आणि दहा मिनिटांनी आजीला न्हाणीत पाडून आणायची.

सहा वर्षं मी हे केलं. मला कुणी याचा पगार देत नव्हतं आणि मला तो नकोही होता. इकडं लष्कराच्या छावणीच्या मागच्या बाजूला एका खोलीत मी राहते, लेक नांदायला गेली, हे गेल्याला बारा वर्षं झाली. आठवडाभर माझ्याशी लोक मीठ-मिरचीपुरतं बोलतात. शुक्रवारी मात्र मला कळायचं की कुणाच्या घरी टँकरच्या रांगेत भांडण झालं, कुणाच्या बापानं पहिल्यांदा पोळी लाटली, कुणाला पाण्याची भीती वाटते. आणि पोरांना माझ्या तोंडाकडं बघावं लागायचं. मी समजले की नाही, ते तोंडावरून ओळखायला शिकली होती पोरं.

सोमवारी तुम्ही मला फोनवरच्या कमेंट वाचून दाखवायच्या. त्यांचाही तुम्ही नियम केलेला होता. नुसतं छान म्हणायचं नाही, मनापासून एक प्रश्न विचारायचा, आणि ज्याला विचारला त्यानं उत्तर द्यायचं. पुण्याच्या ताई एक शुक्रवार चुकवायच्या नाहीत. तुमची थोरली बहीण म्हणून नव्हे, त्यांना पोरांचं वेड लागलं होतं. तुम्ही म्हणायच्या, "ताईला माझी खुशाली फोनवर नको असते. तिला ब्लॉग पाहिजे." खरंच होतं ते. तुम्ही कुणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं एकट्या राहायच्या, आणि ताईंना तुमच्या घरातलं काही कळत नव्हतं, पण ओंकारच्या मामाला मुलगी झालेली माहीत होती.

आणि आपलं भांडण, बाई. ते तर अर्धंच राहिलं.

"गयाबाई, तुम्ही लिहा."

"चौथी शिकलेल्या बाईनं काय लिहायचं?"

"चार वर्षं चाळीस पोरांना लिहायला शिकवलंत तुम्ही."

"मी कुठं शिकवलं? मी तांदूळ निवडले."

मग तुम्ही वही आणून दिलीत. मी ती ठेवून दिली. दर महिन्याला तुम्ही विचारायच्या आणि दर महिन्याला मी काहीतरी कारण सांगायचे. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "पोरं स्वतःच्या घरातलं सगळं तुमच्यापुढं मांडतात, आणि तुम्ही तेवढ्या पदर ओढून बसता. हे बरं आहे तुमचं!"

मी कधी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "आणि तुम्ही कुठं लिहिता? सगळ्यांना लिहायला लावता, तुमचा एक तरी कागद आलाय का माझ्यापुढं?"

तुम्ही चष्मा काढलात. मग हसलात. "बरं. आधी मी, मग तुम्ही."

"ठरलं," मी म्हणाले. मला ठाऊक होतं तुम्ही लिहिणार नाही. आपण दोघी एका जातीच्या होतो, बाई. तुम्ही बोलून झाकायच्या, मी न बोलता.

आता श्रावणातलं सांगते.

कोमल आपल्या शाळेत सहावीत आली. बाप बांधकामावर राखणीला, आजोबा अजून खुलताबादकडच्या डोंगरावर मेंढ्या राखतात, आणि सुट्टी लागली की ही पोरगी तिकडं पळते. ती चार-पाच ओळींच्या वर कधी लिहीत नव्हती. पण त्या ओळींत काही सुटत नव्हतं. कुत्र्याचा कोणता कान आधी हलतो, ते तिनं लिहिलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "ही पोरगी डोळ्यांनी लिहिते."

नागपंचमीच्या आदल्या शुक्रवारी ती सगळ्यात शेवटी थांबली. बाकीची पोरं गेली. तिनं कागद काढला आणि वाचायला लागली. तो कागद माझ्याकडं होता म्हणून मला पाठ आहे.

"माझे आजोबा मेंढ्या चारतात. दुखणारी मेंढी कळपाला कळू देत नाही. सगळ्यांसोबत चालते. सगळ्यांसोबत तोंड खाली घालते. पण चरत नाही. तिचा जबडा हालत नाही. आजोबा लांबून नुसतं जबड्याकडं बघतात. आमच्या बाई मधल्या सुट्टीत सगळ्या बाईंसोबत डबा उघडतात. पण त्यांचा जबडा हालत नाही. फळ्यावर लिहिताना डाव्या हातानं टेबल धरतात. आधी धरत नव्हत्या. मी आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, ती मेंढी लवकर वेगळी काढा."

वाचून तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, जसं सगळी बघायची.

मी म्हणाले, "नाही समजलं."

तिनं कागदाची घडी केली, तांदळाच्या डब्यावर ठेवली आणि गेली.

पुढच्या शुक्रवारी दुसरा कागद. त्यात आजोबा थोडे, तुम्ही जास्त. डबा घरी जाताना छावणीतल्या कुत्र्याला घालता, शाळेचे दोन जिने चढताना मध्ये खिडकीपाशी थांबता आणि कुणी आलं की बाहेर बघताय असं दाखवता. मी म्हणाले, "नाही समजलं गं."

तिसऱ्या शुक्रवारी तिनं उभ्या उभ्याच वाचलं. तीनच ओळी होत्या. "आमच्या बाई आजारी आहेत. त्या कुणाला सांगत नाहीत. कुणीतरी त्यांना दवाखान्यात न्या."

मी म्हणाले, "नाही समजलं."

तिनं तोही कागद डब्यावर ठेवला. त्यानंतर कोमलनं लिहिणं सोडलं. इतर पोरांबरोबर यायची, कोपऱ्यात बसायची, तिचा नंबर आला की मान हलवायची. तुम्ही एकदा मला विचारलंत, "कोमलला काय झालं हो? लिहीतच नाही."

"कोण जाणे," मी म्हणाले.

तेव्हा तुम्ही टेबल नाही, माझा ओटा धरून उभ्या होता.

दत्तजयंतीच्या आसपास तुम्ही फळ्यापाशी खाली बसलात. मोठ्या सरांनी रिक्षा बोलावली. पोटातलं दुखणं निघालं, पार पसरलेलं. पुण्याहून ताई आल्या. मग पाचवा तास बंदच पडला. तुमच्या जागी आलेले सर चांगले आहेत, पण ते पोरांकडून सरळ कॉम्प्युटरवर लिहून घेतात, त्यांना या हळदीचं काही माहीत नव्हतं आणि मी सांगायला गेले नाही.

दवाखान्यात मी एकदाच आले. भाकरीचा चुरा दुधात कालवून आणला होता. तुम्ही दोन चमचे घेतलेत. खरेखुरे घेतलेत, मी जबड्याकडंच बघत होते.

"पोरं येतात ना स्वयंपाकघरात?" तुम्ही विचारलं.

"येतात की," मी म्हणाले. खोटं.

"वही?"

"कोरी आहे."

"मीपण नाही लिहिलं," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटून हसलात. "फिट्टंफाट."

बाहेर व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. माझी बहीण, मला कसं कळलं नाही हो मावशी? दर शुक्रवारी मी तुमच्या शाळेतलं सगळं वाचत होते."

माझ्या पिशवीत भाकरीच्या डब्याखाली ते तिन्ही कागद होते. तुम्हाला दाखवायला आणले होते. डबा पिशवीत ठेवला, पिशवी काखेत धरली आणि मी बसस्टॉपवर आले. तिथं किती बस गेल्या मला सांगता येणार नाही.

तुम्ही गेल्यावर नव्या सरांनी वर्गाला सांगितलं, बाईंवर सगळ्यांनी लिहा, ब्लॉगवर एकत्र टाकू. आणि त्या शुक्रवारी पोरांनी काय केलं असेल? कुणी न सांगता, पाचव्या तासाला रांगेनं स्वयंपाकघरात आली. सना पुढं. मी सूप ओढून बसले.

सनानं वाचलं, "आमच्या बाई ज्ञानाचा सागर होत्या."

मी म्हणाले, "नाही समजलं."

"मावशी!"

"सागर कुणी बघितलाय इथं? बाई कशा होत्या ते सांग."

ती रडायलाच लागली. रडत रडत म्हणाली, "बाई ना, चिडल्या की चष्मा काढायच्या, आणि मग आम्ही त्यांना दिसायचोच नाय, म्हणून दुसऱ्यालाच रागवायच्या." सगळी पोरं रडता रडता हसली. मी म्हणाले, "हे लिही." त्या दिवशी मी तीस हळदीची बोटं लावली असतील. हळद संपत आली.

कोमल शेवटी थांबली. तिच्याकडं कागद नव्हता.

मी उठले, डाळीच्या डब्यामागून तिचे तिन्ही कागद काढले आणि पहिला तिच्यापुढं धरला. "हा टाक," म्हणाले. "याच्यात बाई आहेत."

तिनं कागद घेतला नाही. "तुम्हाला समजला नव्हता ना?"

"समजला होता."

"मला माहितीय," ती म्हणाली. "मी वाचत व्हते तवा तुमचे हात थांबले व्हते. नाय समजलं की तुमचे हात चालूच राहतात."

बाई, ही पोरगी बारा वर्षांची आहे.

मग तिनं जमीन उकरली आणि म्हणाली, "मी बाईंना तोंडावर सांगायला पायजे व्हतं. ताईंना फोन करायला पायजे व्हता. आजोबा लई बोलले मला. म्हन्ले, दिसल्यावर बोंब मारायची असती, कागद नसतो लिहायचा."

तेव्हा मला कळलं की हे ओझं तिनं एवढे महिने एकटीनं वाहिलं. तिला वाटतंय तिचं चुकलं. मी तिला जवळ घेतलं असतं, पण मला तसलं जमत नाही. मी हळदीत बोट बुडवून पहिल्या कागदावर ठसा मारला. तो फरफटला.

तिनं कागद बघितला. "वर तारीख आहे," म्हणाली. "श्रावणातली. खोडू का? ताई वाचतील."

चुलीत लाकूड फुटलं. मी सांगू शकले असते की खोड. ती पोरगी मला वाचवायलाच विचारत होती, हे मला समजत होतं.

"नको," मी म्हणाले.

तर त्यावर हा प्रश्न आलाय.

इथवर लिहून झालं होतं, बाई. याच्यापुढं मी अजून एक गोष्ट लिहिली होती, की कोमलनं तुम्हाला मेंढी म्हटलं म्हणून मला लाज वाटली, सगळ्या गावानं वाचलं असतं, पालकांनी वाचलं असतं, तुम्ही झाकून ठेवलेलं उघड्यावर आलं असतं, म्हणून मी अडवलं. तुमचा मान राखायला. तेवढं लिहून मी वही मिटली, आणि मग तुमचा नियम आठवला. कुणीतरी ऐकून समजलं म्हटल्याशिवाय एक अक्षर जायचं नाही.

आज शाळा सुटल्यावर कोमलला थांबवलं. तिला वाटाणे सोलायला दिले आणि वहीतलं सगळं वाचून दाखवलं. मला मोठ्यानं वाचायची सवय नाही, जोडाक्षराला अडखळत होते. ती खाली मान घालून सोलत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "समजलं का?"

"नाय," ती म्हणाली. हात चालूच.

"काय नाही समजलं?"

"पहिल्या कागदात मेंढी होती मावशी. तिसऱ्या कागदात मी मेंढी काढून टाकली व्हती की. मग तिसरा कामून नाय घेतला?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती चिडलेली नव्हती. तुम्ही ओंकारला पाठवलंत तसं तिनं मला परत पाठवलं, एवढंच. मी पोत्यावरून उठले नाही. तिथंच बसून मघाचं पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. हे ते.

बाई, मला कोमलच्या आधीपासून माहीत होतं. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चवीच्या वहीत सही करायची, हे काम तुमच्याकडं होतं. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यापासून तुम्ही चाखत नव्हता. चमचा ओठाला लावायच्या, "छान झालीय गयाबाई" म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की चमचा परत पातेल्यात. मी पाठ वळवून उभी राहायचे, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल. एकदा मी मीठच घातलं नाही, मुद्दाम. तुम्ही 'चव उत्तम' लिहून सही केलीत. त्या दिवशी पोरांनी बोंब मारली आणि मी म्हणाले, विसरले. रोज तुमच्या सहीच्या शेजारी मीही अंगठ्याएवढी सही करत होते.

मला मेंढीची लाज वाटली नाही. तुमच्या मानाचंही मी काही केलं नाही. तो कागद ताईंनी वाचला असता तर त्या दुसऱ्या दिवशी येऊन तुम्हाला घेऊन गेल्या असत्या. तुमच्या जागी दुसरं कुणीतरी आलं असतं, आणि पोरं माझ्याकडं यायची बंद झाली असती. आठवड्यातला तो एक तास मला हवा होता. मी तुमचं दुखणं बघत होते आणि एक शुक्रवार, अजून एक शुक्रवार, असं करत होते.

तुम्ही विचारलं असतंत, काय समजलं, सांगा बरं, तर मी हे सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. मीही तुम्हाला विचारलं नाही.

ताईंना कोमलनं एवढंच लिहावं, की कागद मी तेव्हाच दिला होता, मावशीनं अडवला, मावशीला समजला होता. खाली माझं नाव घालावं. पूर्ण नाव. तुम्ही म्हणतच होता, लिहा, तुमचं नाव येऊ द्या. मग त्या मला काय विचारतील त्याचं उत्तर मी देईन.

ही तुमची अट होती, बाई, आधी तुम्ही, मग मी. तुमचं पान राहिलं. माझंही एकाच्या वर गेलं.

हे नवं पान मी कोमलला वाचून दाखवलं. वाचताना वर बघितलं नाही, बघवेना. संपलं. मग मी मान वर केली. अर्धी सोललेली शेंग तिच्या बोटांत होती, आणि हात थांबलेले होते.